सुरणाच्या अंगातलं लोखंड

रविवारी सकाळी स्नेहवर्धक मंडळाच्या हॉलमध्ये पाय ठेवायला जागा नव्हती, आणि गंमत अशी की सगळे आले होते ते पाय ठेवायलाच.

स्टेजवर एक निळा प्लास्टिकचा टब. टबात फिल्टरचं कोमट पाणी, पाण्यात बुडवलेली एक काळी डबी, डबीतून निघालेली वायर आणि वायरीच्या टोकाला लुकलुकणारी पेटी. उरल्याच्या, म्हणजे रायपूरच्या लोखंड-कारखान्यांच्या वसाहतीतल्या, रोलिंग मिलमधून रात्रपाळी करून थेट इकडेच आलेला एक आडदांड गडी त्यात पाय सोडून बसला होता. शेजारी पांढऱ्या सफारीतले तरंगगुरू उभे. त्यांनी चांदीच्या डबीतून चिमूटभर ‘ऊर्जा-चूर्ण’ पाण्यात सोडलं, डोळे मिटले, बटण दाबलं. पाण्याला बुडबुडे फुटले. बघता बघता पाणी पिवळं झालं, मग तांबूस, मग टपरीवरच्या उकळलेल्या चहासारखं गडद.

“अरे बापरे!” सगळा हॉल एका सुरात म्हणाला.

“देखिए, देखिए!” तरंगगुरूंनी टबाकडे बोट केलं. “ये पानी नहीं है, भैया. ये आपका बीस साल का उरला है! शरीर क्या है? घड़ा है. घड़े का मैल कहाँ बैठता है? नीचे. और आपके नीचे क्या है?”

“पैर!” पब्लिक ओरडली.

माठाचा गाळ तळाशी बसतो हे खरं, पण माठाच्या तळाला भोक असतं का, हे कोणी विचारलं नाही. विचारणार कोण? विचारायचं काम ज्यांच्याकडे होतं, ते आपले जयंत भुसारी स्टेजच्या कडेला हातात रंगांचा तक्ता घेऊन उभे होते. रंगाच्या दुकानात भिंतींसाठी छटा दाखवतात ना, तसाच तक्ता. सगळ्यात वर काळपट तपकिरी, सगळ्यात खाली स्वच्छ. जयंतने तो टबाजवळ धरला, मान तिरपी केली आणि जाहीर केलं, “श्रेणी एक. अतिगंभीर.”

आडदांड गडी रडवेला झाला आणि त्याने पुढच्या बैठकीसाठी लगेच नाव लिहिलं.

हा तक्ता गुरूंचा नव्हता बरं का. गुरू आले होते तेव्हा त्यांच्याकडे नुसता टब होता. तक्ता जयंतच्या सुपीक डोक्यातला.

जयंत म्हणजे तेलीबांध्याच्या फ्लॅटमध्ये राहणारा, नवा रायपूरच्या एका सल्लागार कंपनीत नियोजनाचं काम करणारा, घरी भाजी काय करायची यावरही तीन पर्याय मांडणारा माणूस. देवाला हात जोडायचा तो फक्त आईच्या फोटोसमोर. बाबा-बुवांचं नाव काढलं की नाक मुरडायचा. “मी पुरावा मागतो,” हे त्याचं वाक्य मंडळात इतकं प्रसिद्ध होतं की सत्यनारायणाचा प्रसाद देतानाही अध्यक्ष श्यामराव त्याला म्हणायचे, “घ्या भुसारीसाहेब, यात साखर असल्याचा पुरावा आहे.”

त्यानेच आरोग्य भागीदारी समिती उभी केली होती. कल्पना सोन्यासारखी. मंडळ, वॉर्डातलं सरकारी आरोग्य केंद्र, महिला बचत गट आणि उरल्यातले एक कारखानदार यांनी एका टेबलाशी बसायचं आणि पाऱ्यातल्या, म्हणजे मोहल्ल्यातल्या, लोकांना नेमकं काय हवं ते ठरवायचं. मंडळाच्या हॉलमागे एक खोली होती. गणपतीचा जुना मांडव तिथे कुजत पडला होता. ती रिकामी करून रोजची आरोग्यसेवा सुरू करायची. आरोग्य केंद्राच्या डॉक्टर सुनेत्रा यांचं म्हणणं साधं होतं: एक नर्स बसवा, शुगर आणि बीपी तपासा, पायांच्या जखमा धुऊन बांधा. पाऱ्यात घराआड शुगर आहे, आणि मिलवाल्यांचे पाय तर बघवत नाहीत.

पण आपल्या मराठी माणसाला समिती मिळाली की तो काम नंतर करतो, आधी नियमावली करतो. जयंतने नियम केला: प्रत्येक भागीदाराच्या कामाचं मोजमाप त्या भागीदारानेच ठरवायचं. कोणाचा अपमान नको. मग तरंगगुरू भागीदार म्हणून आले, आणि त्यांचं मोजमाप ठरलं पाण्याचा रंग. झालं! चोराच्याच हाती जामदारखान्याच्या किल्ल्या दिल्या, आणि वर त्याला पावती दिली.

तसा जयंत एकदम भुलला नव्हता. पहिल्या दिवशी त्याने शंका घेतली होती. टबातलं पाणी पाय घालण्याआधी एका बाटलीत भरलं, नंतरचं दुसऱ्या बाटलीत, आणि दोन्ही बाटल्या लॅबमध्ये दिल्या. रिपोर्ट आला. आधीच्या पाण्यात लोखंड जवळजवळ नाही. नंतरच्या पाण्यात लोखंडच लोखंड.

आता रायपूरच्या माणसाला लोखंड म्हटलं की काय आठवणार? ज्याच्या गच्चीवर सकाळी पुसलेली फरशी संध्याकाळी काळी होते, वाळत घातलेला पांढरा सदरा करडा होऊन घरात येतो, त्याला कोणी सांगितलं की तुझ्या अंगात उरल्याचं लोखंड आहे आणि ते पायातून निघून राहिलं, तर तो ‘नाही’ कशाला म्हणेल? दुसऱ्या एखाद्या गावात लोक हसले असते. इथे जयंतने रिपोर्ट लॅमिनेट करून हॉलच्या भिंतीवर लावला.

“मॅडम, मी अंधश्रद्धाळू नाही,” तो डॉक्टर सुनेत्रांना म्हणाला होता. “आधी-नंतर केलंय. डेटा आहे.”

“लोखंड आहे हे मान्य,” त्या म्हणाल्या होत्या. “ते आलं कुठून?”

“उरल्यातून!”

“ते तुम्हाला लॅबने सांगितलं, की सफारीवाल्याने?”

जयंतला हा प्रश्न खवचट वाटला. त्याने बैठकीच्या वृत्तांतात ‘डॉक्टरांनी अन्य उपचारपद्धतींबाबत संकुचित भूमिका घेतली’ असं वाक्य घातलं. अति शहाणा त्याचा बैल रिकामा, असं आपले लोक उगाच म्हणत नाहीत.

तर त्या रविवारी प्रात्यक्षिक संपलं की लगेच बैठक होती आणि खोली नर्सला द्यायची की टबाला, ते ठरायचं होतं. टबाचं पारडं भलतंच जड होतं. तेवढ्यात जयंतचा फोन वाजला. भाची सोनिया. पोट्टीला मराठी समजतं सगळं, पण बोलते हिंदीतच.

“मामा, जल्दी आओ. मम्मी के मोज़े में खून है. और मम्मी बोल रही है कुछ दुख ही नहीं रहा.”

विजयाताई, जयंतची थोरली बहीण, हॉलपासून दोन गल्ल्या सोडून राहायची. जयंत शिकायला रायपूरला आला तेव्हा तिच्याच घरी राहिला होता. भावजी रोलिंग मिलमध्ये होते, खोकत खोकत गेले. ताईला जुनी शुगर. तरंगगुरूंच्या टबात पाय सोडणाऱ्यांत ती पहिल्या रांगेत होती, आणि तिची प्रगती तर विचारूच नका. दर बैठकीला पाणी थोडं फिकट. तक्त्यावर ती श्रेणी एकपासून घसरत घसरत अगदी खालपर्यंत आली होती. मध्ये एकदा ती फोनवर म्हणाली होती, “गोळ्या कमी केल्या रे मी.” जयंतला आनंद झाला होता. त्याने अहवालात लिहिलं होतं, ‘औषध-अवलंबित्वात घट’.

तो धावत घरी पोचला. ताई पलंगावर बसली होती, पाय खाली सोडून, निवांत. तळपायाखाली फरशीवर लाल डाग. चपलेतून वर आलेला खिळा तळव्यात शिरला होता, कधी शिरला कोण जाणे. आजूबाजूची कातडी काळी पडली होती आणि खोलीभर वास होता.

“ताई, हे काय?”

“काही नाही रे. लागलं असन. दुखत नाही ना मले.”

“गोळ्या घेतेस ना?”

“बंद केल्या.” ताईने सहज सांगितलं. “गुरुजी म्हणाले, दवाई भी मैल है, माताजी. पाणी हलकं झालं, आता गोळी कायले?”

डॉक्टर सुनेत्रा बैठकीसाठी हॉलमध्ये येऊन बसल्याच होत्या. जयंतने त्यांना फोन केला, त्या बॅग घेऊन पळतच आल्या. शुगर तपासली. मशीनवरचा आकडा बघून त्यांनी तो मोठ्याने वाचलाही नाही. जखम धुतली, पट्टी बांधली आणि म्हणाल्या, “विजयाताई, शुगरने पाय बधिर झालाय, म्हणून दुखत नाही. मोठ्या दवाखान्यात जायचं. आत्ता. थांबलात तर पाऊल जाईल.”

“पहिले गुरुजीले विचारीन,” ताई म्हणाली.

“ताई!” जयंत ओरडला.

“ओरडू नको. तुह्या भावजीच्या छातीत लोखंड होतं. त्यायले कोणी असं धुऊन काढलं असतं तर आज असते थे. माहं पाणी साफ झालं हे तूच त्या तक्त्यावर दाखवलं ना? मंग? पाणी खोटं बोलते का?”

सोनिया रडायला लागली. माणसाने आयुष्यभर पुरावा-पुरावा करावं आणि शेवटी त्याचाच पुरावा त्याच्या बहिणीने त्याच्या तोंडावर मारावा!

सुनेत्राबाई मात्र चिडल्या नाहीत. “बरोबर आहे,” त्या म्हणाल्या. “पाण्यालाच विचारू. गाडी हॉलवरूनच जाते. पण पाण्याने खरं सांगितलं तर मग तिथून सरळ दवाखाना. कबूल?”

“हव,” ताई म्हणाली.

ताईला धरून हॉलमध्ये आणलं तेव्हा तरंगगुरू समारोपाचं बोलत होते. सुनेत्राबाई थेट स्टेजवर चढल्या.

“गुरुजी, नवं पाणी घ्या. तुमचं चूर्ण टाका. पण पाय कोणी घालायचे नाहीत. नुसतंच चालवा.”

गुरूंचा चेहरा क्षणभर उतरला. पण गडी मुरलेला. “डॉक्टर साहिबा, खाली टब में यंत्र नहीं चलता. ऊर्जा लौटकर यंत्र को चोट करती है. कुछ तो जीव चाहिए.”

“जीव पाहिजे?” बाईंनी इकडेतिकडे पाहिलं. दाराशी बचत गटाच्या बाया अभनपूरहून आणलेली भाजी विकायला बसल्या होत्या. दिवाळी तोंडावर आणि दिवाळीला इकडे सुरण लागतोच, म्हणून टोपलीत सुरणाचे हे मोठाले गड्डे. बाईंनी त्यातला एक उचलला, नळाखाली खसखसून धुतला आणि टबात सोडला. “हा घ्या. पायाएवढाच आहे.”

हॉलमध्ये हशा पिकला. गुरूंना नाही म्हणता येईना. त्यांनी चूर्ण टाकलं, बटण दाबलं. बुडबुडे आले. पिवळं. तांबूस. चहा.

“बाप्पा!” श्यामराव खुर्चीतून उठले. “हा सुरण कोणत्या मिलमध्ये होता बे? रात्रपाळी करत होता काय?”

लोक पोट धरून हसायला लागले. पण गुरूंनी हात वर केला. “हँसिए मत! ये कंद है. धरती के अंदर उगता है. धरती में लोहा है कि नहीं? सुरण का भी मैल निकल गया!”

हशा थांबला. लोकांनी एकमेकांकडे पाहिलं. काही माना हलल्यासुद्धा. आणि सांगायला लाज वाटते, पण सांगितलंच पाहिजे: आपला जयंतही मनात म्हणाला, ‘हे तर लॉजिकल आहे.’ बहीण शेजारी रक्ताळलेला पाय घेऊन बसलेली, आणि हा सुरणाच्या विषमुक्तीचा विचार करून राहिला! शिकल्या-सवरल्या माणसाचं डोकं हे असं असतं. एकदा फसलं की फसवणाऱ्यापेक्षा जास्त कारणं तेच शोधून देतं.

मग त्याची नजर ताईकडे गेली. तिच्या पट्टीतून लाल डाग बाहेर येत होता. जयंत ताडकन उठला.

“माझे पाय घ्या,” तो म्हणाला आणि बूट काढून खुर्चीवर बसला. “कालच माझी श्रेणी एक आली आहे. माझ्या अंगात भरपूर मैल आहे, ते सगळ्यांनी पाहिलंय. नवं पाणी, फिल्टरचंच. पण चूर्ण नको.”

“चूर्ण के बिना विधि अधूरी...”

“मैल माझा आहे ना? पाय माझे आहेत ना? मग चूर्ण कशाला लागतं?” जयंतने वाकून स्वतःच बटण दाबलं.

सगळा हॉल वाकून बघत होता. पेटी लुकलुकली. बुडबुडे आले न आले. पाणी स्वच्छ. वेळ गेला, पाणी तसंच. टबाच्या तळाशी जयंतच्या पायाची बोटं दिसत होती, आणि ती त्याला स्वतःलाच बावळट वाटत होती.

“भुसारीसाहेब एका रात्रीत शुद्ध झाले!” मागून कोणीतरी ओरडलं.

जयंतने चांदीची डबी गुरूंच्या हातून जवळजवळ हिसकावली, बोट बुडवलं आणि जिभेला लावलं. त्याचं तोंड वेडंवाकडं झालं.

“अबे, हे तर मीठ आहे!”

त्याने चिमूट पाण्यात टाकली आणि पाय बाहेर काढून घेतले. टबात आता ना पाय, ना सुरण. पाण्याने बिनपायाचाच चहा करून दाखवला. सुनेत्राबाईंनी वायर काढून घेतली, काळी डबी पाण्यातून उचलली आणि तिचं झाकण फिरवलं. आत लोखंडाच्या दोन पट्ट्या होत्या. गंजून खडबडीत, कडा खाल्लेल्या, एक तर मध्ये भोक पडलेली.

“हे तुमचं उरला,” त्या म्हणाल्या. “मीठ टाकलं की पाण्यातून वीज नीट वाहते. वीज वाहिली की या पट्टीचं लोखंड झिजून पाण्यात उतरतं आणि त्याचा गंज होतो. तोच हा रंग. पायाचा त्याच्याशी काही संबंध नाही. लॅबने जयंतरावांना खोटं सांगितलं नाही, पाण्यात लोखंड होतंच. फक्त ते माणसातून नाही, या डबीतून आलं.”

“अन् माहं पाणी फिकट झालं थे?” विजयाताईने खालूनच विचारलं.

“मीठ कमी टाकलं, ताई. दर वेळी थोडं कमी. वीज कमी, गंज कमी. तुम्हाला वाटलं बरं वाटून राहिलं.”

ताईने गुरूंकडे पाहिलं. गुरू वायर गुंडाळत होते. “श्रद्धा न हो तो यंत्र भी...” असं काहीतरी पुटपुटले. श्यामरावांनी दाराशी खुर्ची ओढली आणि त्यात ऐसपैस बसले. “गुरुजी, बसा जरा. डॉक्टरीणबाई तक्रार लिहून राहिल्या. पोलीस येतपर्यंत तुमचा बी मैल बसू द्या खाली.”

ताई उठली. “चल सोनिया,” एवढंच म्हणाली, आणि लंगडत गाडीकडे गेली.

पाऊल वाचलं. दोन बोटं गेली.

ऑपरेशननंतर जयंत तिच्या उशाशी बसला होता. त्याने गुरूला शिव्या घालायला सुरुवात केली. भोंदू, नीच, माणसाच्या जिवाशी खेळणारा.

“त्याले काहून शिव्या देतो?” ताई म्हणाली. “त्याच्यावर माहा भरोसा कुठं होता? पहिल्या दिवशीच वाटलं मले, हा मदारी हाय. मंग तू थो कागद भिंतीवर लावला. मी म्हटलं, आपला जयंता शिकलेला हाय, त्यानं तपासलं असन. मी गुरूच्या टबात नाही पाय घातले रे. तुह्या टबात घातले.”

जयंत ढसाढसा रडला. ताईने त्याला गप्प केलं नाही. रडू दिलं.

खोली रिकामी झाली, पांढरी झाली, नर्स आली. उद्घाटनाला जयंतने भाषण केलं आणि मंडळाच्या इतिहासात प्रथमच ते लहान होतं. तो म्हणाला, “त्या माणसाने तुम्हाला फसवलं ते टबाने. मी फसवलं ते कागदाने, आणि कागदावर तुमचा जास्त विश्वास होता. बाबाची परीक्षा घ्या, ते तर घ्याच. पण माझीही घ्या. चष्मेवाल्याची घ्या, रिपोर्टवाल्याची घ्या. मी काहीही दाखवलं तरी विचारा, की हे पाय न घालता करून पाहिलंत का? मला राग आला तर खुशाल येऊ द्या.”

टाळ्या पडल्या. नर्सबाईंनी शुगरचं मशीन टेबलावर मांडलं आणि पहिला मान म्हणून विजयाताईला बोलावलं. ताई काठी टेकत आली, खुर्चीत बसली, बोट पुढे केलं. नर्स सुई टोचणार तोच तिने बोट मागे घेतलं.

“थांब बाई. जयंता, हे मशीन बरोबर सांगते, हे कोणी तपासलं?”

जयंतने डॉक्टर सुनेत्रांकडे पाहिलं. त्या हसत होत्या, पण त्याच्या मदतीला आल्या नाहीत. फाइलमध्ये मशीनची पावती होती, वॉरंटीचं कार्ड होतं, त्याने स्वतः बनवलेलं नियोजनपत्रक होतं. तपासल्याचं काही नव्हतं.

“मी नाही तपासलं, ताई,” तो म्हणाला.

“मंग तपास. मी बसली आहे इथं.”

जयंत कोट काढून टेबलाशी बसला. नर्सबाईंनी ठरावीक साखर असलेल्या तपासणीच्या द्रावणाची बाटली काढली, आणि मशीन आधी त्यावर लावून कसं बघायचं ते त्याला दाखवायला लागल्या. रांगेतली माणसं पुढे सरकून बघू लागली, आणि कोणीही घाई केली नाही.